खत आहे, तरी पीक उपाशी : चुनखडीच्या जमिनीतील समतोल समजून घ्या



श्रावणाच्या झडीनंतर औसा, निलंगा भागातील सोयाबीनची शेते पाहिली, तर पुष्कळ ठिकाणी शेंड्याकडची पाने पिवळी पडलेली आणि शिरा मात्र हिरव्या राहिलेल्या दिसतात. उन्हाळ्यात अर्धापूर, मुदखेडकडे केळीच्या बागेत गेलात, तर ठिबकच्या शेवटच्या ओळीतील झाडे माना टाकून उभी असतात आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली बसलेली असते. घरात पाणी तापविण्याच्या पातेल्याच्या बुडाशीही तीच पांढरी खपली असते.

ही तीन दुखणी वेगवेगळी दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे आपल्या काळ्या जमिनीतील व विहिरी-बोअरच्या पाण्यातील चुना आणि त्या चुन्याचा पाण्याशी व हवेशी असलेला रासायनिक समतोल. हा समतोल कोणत्या कारणाने कोणत्या बाजूला झुकतो हे कळले, की पिवळ्या सोयाबीनला युरिया टाकण्याची चूक टळते, ठिबक संच वाचतो आणि खताचा पैसाही वाचतो. या लेखात तो समतोल सोप्या रीतीने समजून घेऊ.

समतोल म्हणजे काय?

गोटी सोड्याची बाटली डोळ्यांसमोर आणा. बंद बाटलीतील पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. त्याला आपण पुढे नुसते कर्बवायू म्हणू. बाटली बंद असताना थोडा वायू पाण्यातून वर निघत असतो आणि तेवढाच वायू पुन्हा पाण्यात विरघळत असतो. दोन्ही क्रिया चालूच असतात, पण वेग सारखा असल्याने बाहेरून काही घडत आहे असे दिसत नाही. यालाच रासायनिक समतोल म्हणतात. काम थांबले म्हणून समतोल झाला असे नव्हे, तर येणे आणि जाणे सारखे झाले म्हणून समतोल झाला.

आता गोटी आत ढकलली की दाब कमी होतो आणि वायू फसफसून बाहेर पडतो. बाटली उन्हात ठेवलेली असेल तर फसफस आणखी जोराने होते. म्हणजे दाब घटला किंवा तापमान वाढले की समतोल वायू बाहेर पडण्याच्या दिशेने सरकला.

हेन्री ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली याचा नियम मांडला. हा शास्त्रज्ञ चुना आणि सिमेंट यांचा अभ्यासक होता. त्याचा नियम आपल्या भाषेत असा सांगता येईल : समतोलात असलेल्या क्रियेची परिस्थिती बदलली, मग तो बदल दाबाचा असो, तापमानाचा असो वा एखाद्या घटकाच्या प्रमाणाचा असो, तर ती क्रिया त्या बदलाचा परिणाम कमी होईल अशा दिशेने सरकते. एखादा घटक काढून घेतला तर तो पुन्हा तयार होण्याकडे क्रिया वळते. एखादा घटक वाढविला तर तो खर्ची पडण्याकडे वळते.

आपल्या जमिनीतील चुना

मराठवाड्याची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनली आहे. या खडकातील खनिजे झिजताना कॅल्शियम मोकळे होते. भरपूर पावसाच्या प्रदेशात ते वाहून जाते. नांदेड, लातूरकडे पाऊस मध्यम आणि उन्हाळा कडक असल्याने ते जमिनीतच राहते आणि चुनखडीच्या रूपाने साठते. नांगरटीत वर येणारे पांढरे खडे आणि पांढरीच्या थराची माती ही त्याचीच रूपे आहेत. आपल्या मातीत चुनखडी आहे की नाही हे पाहायचे असेल, तर ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकावेत. फसफस झाली तर मुक्त चुनखडी आहे असे समजावे.

या चुन्याचा समतोल पुढीलप्रमाणे लिहिता येतो :

घट्ट चुनखडी + पाणी + कर्बवायू ⇌ पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट

दोन्ही दिशांचे बाण मुद्दाम दाखविले आहेत. कर्बवायू वाढला की क्रिया उजवीकडे जाते आणि चुना विरघळतो. कर्बवायू निघून गेला, पाणी तापले किंवा आटले की क्रिया डावीकडे येते आणि चुना पुन्हा घट्ट होतो. पुढील बहुतेक गोष्टी या एका ओळीतून उलगडतात.

ठिबक संच का चोंदतो?

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मुळांच्या व जीवाणूंच्या श्वासोच्छ्वासातून निघालेला कर्बवायू त्यात विरघळतो. जमिनीतील हवेत या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असू शकते. असे पाणी चुनखडी विरघळवीत खाली जाते. म्हणून बोअरचे पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असले तरी त्यात चुना विरघळलेला असतो.

पंप सुरू होतो आणि पाणी वर येते. वरचा दाब सुटतो व सोड्याच्या बाटलीप्रमाणे कर्बवायू निघून जातो. काळ्या लॅटरलमध्ये पाणी उन्हाने तापते. ड्रिपरच्या तोंडाशी थेंबाचे पाणी उडून जाते. वायू कमी, तापमान जास्त, पाणी कमी, असे तिन्ही बदल क्रियेला डावीकडे ढकलतात. म्हणून खपली सर्वांत आधी ड्रिपरच्या तोंडाशी धरते.

अवर्षणात हा त्रास वाढतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा वर्षांत बोअर खोल जातात आणि खोलवरच्या पाण्यात सर्वसाधारणपणे विरघळलेले क्षार अधिक असतात. म्हणून नवीन बोअर घेतल्यावर ठिबक जोडण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी. अहवालात सामू, कॅल्शियम व बायकार्बोनेट हे तीन आकडे अवश्य पाहावेत.

संच चोंदत आहे हे झाड सुकण्याची वाट न पाहता ओळखता येते. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून एका मिनिटाला सुमारे ६७ मि.ली. पाणी पडले पाहिजे. प्रत्येक सबमेनवरील पहिल्या, मधल्या व शेवटच्या लॅटरलवरचे दोन-दोन ड्रिपर घेऊन त्यांचे पाणी मोजावे. दाब योग्य असूनही ते ६० मि.ली.च्या खाली आले असेल, तर आम्ल प्रक्रिया करावी. पूर्ण बंद झालेल्या ड्रिपरमध्ये आम्ल शिरतच नाही, म्हणून उशीर करू नये.

आम्ल प्रक्रियेची पद्धत

आम्लाच्या संपर्कात आलेल्या खपलीचे रूपांतर कॅल्शियम क्लोराइडमध्ये होते. ते पाण्यात सहज विरघळते. सुटलेला कर्बवायू निघून जातो, त्यामुळे उलटी क्रिया घडत नाही आणि खपली संपेपर्यंत काम पुढेच सरकते.

१) प्लॅस्टिकच्या बादलीत त्याच बोअरचे १० लिटर पाणी घ्यावे. त्यात बाजारात मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल मि.ली.ने मोजून थोडे थोडे टाकावे व ढवळावे. सामू कागदावर सामू ४ च्या जवळ आला की किती मि.ली. लागले ते लिहून ठेवावे.

२) समजा १० लिटरला ६ मि.ली. लागले आणि आपला संच ताशी १०,००० लिटर पाणी देतो. १५ मिनिटांत २,५०० लिटर पाणी जाईल, म्हणून १,५०० मि.ली. आम्ल लागेल. ते पाण्यात मिसळून व्हेंच्युरीतून सोडावे.

३) शेवटच्या ड्रिपरमधून पडणाऱ्या पाण्याचा सामू कागदाने पाहावा. आम्लयुक्त पाणी तेथपर्यंत पोचले की संच बंद करून २४ तास तसाच ठेवावा.

४) दुसऱ्या दिवशी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह व लॅटरलची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत संच धुवावा.

आम्ल नेहमी पाण्यात टाकावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहू नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

जिवावर बेतणारी चूक

संचातील शेवाळ घालविण्यासाठी ब्लिचिंग पावडर वापरतात. काही जण वेळ वाचविण्यासाठी आम्ल आणि ब्लिचिंग पावडर एकाच टाकीत मिसळतात. असे कधीही करू नये. ब्लिचिंग पावडर पाण्यात टाकली की क्लोरीन मुख्यतः विरघळलेल्या, निरुपद्रवी न म्हणता येणाऱ्या पण पाण्यातच राहणाऱ्या रूपात असतो. त्यात आम्ल पडले की समतोल उलटा फिरतो आणि विषारी क्लोरीन वायू एकदम बाहेर येतो. बंद पंपघरात हा वायू प्राणघातक ठरू शकतो. दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या भांड्यातून आणि मध्ये संच पूर्ण धुऊनच कराव्यात.

सोयाबीन पिवळे पडते ते लोहाअभावी. पण लोह तर आहे!

आपल्या जमिनीत लोहाची कमतरता नाही. बेसाल्टमध्ये लोह भरपूर असते. एक हेक्टरच्या वरच्या १५ सें.मी. थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. त्यात लोह शेकडा एकच धरले तरी ते २०,००० किलो होते. पिकाला लागते ते फार तर किलो-दोन किलो. तरीही सोयाबीन उपाशी राहते, कारण लोह घट्ट रूपात अडकलेले असते. सामू एक अंकाने वाढला की पाण्यात विरघळणारे लोह सुमारे हजारपटीने कमी होते. चुनखडी जमिनीचा सामू ८ च्या वर धरून ठेवते, म्हणून लोह सुटत नाही.

यावर पिकाकडे उपाय असतो. मूळ आपल्याभोवती आम्ल सोडते, लहानशा जागेत सामू उतरवते आणि लोह सोडवून घेते. झडीच्या दिवसांत मात्र जमिनीतील पोकळ्या पाण्याने भरतात. कर्बवायू बाहेर पडू शकत नाही. वर दिलेली क्रिया उजवीकडे सरकते आणि मुळांभोवती बायकार्बोनेट वाढते. हे बायकार्बोनेट मुळाने सोडलेले आम्ल गिळून टाकते. त्यातच हवा न मिळाल्याने मूळही अशक्त झालेले असते. म्हणून नवी पाने पिवळी पडतात. वाफसा आला, वायू निघून गेला, की पुष्कळ वेळा पीक आपोआप हिरवे होऊ लागते.

उपाय करण्यापूर्वी रोगनिदान करावे. नवी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता समजावी. जुनी, खालची पाने सारखी पिवळी असतील तर नत्राची कमतरता संभवते. पानांवर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असतील तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक असू शकतो. त्याला लोह देऊन उपयोग नाही.

लोहाच्या कमतरतेवर पुढील उपाय करावेत :

• साचलेले पाणी प्रथम चर काढून शेताबाहेर काढावे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुढील हंगामात रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी करावी.

• १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. गरज वाटल्यास ८ ते १० दिवसांनी पुन्हा फवारावे. पानावर दिलेल्या लोहाचा जमिनीतील चुन्याशी संबंधच येत नाही.

• हिराकस नुसती जमिनीत टाकू नये. काही दिवसांत तिचे घट्ट लोह होते. द्यावयाचीच असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून द्यावी.

• चिलेटेड लोह जमिनीतून द्यावयाचे असल्यास पुडीवरील नाव वाचावे. ईडीटीए प्रकारातील लोहाची जागा चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम घेते व लोह सुटून घट्ट होते. ईडीडीएचए प्रकार अशा सामूतही टिकतो, पण तो महाग आहे. ईडीटीए प्रकार फवारणीसाठी वापरावा.

• पीक पिवळे दिसले म्हणून युरिया टाकू नये. त्याने लोह सुटत नाही, खर्च मात्र वाढतो.

स्फुरद आणि युरिया यांचे काय होते?

स्फुरदयुक्त खत चुनखडीच्या मातीत पसरून दिले की विद्राव्य स्फुरदाची कॅल्शियमशी गाठ पडते आणि त्याचे हळूहळू कमी विरघळणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. म्हणून हे खत बियाण्याच्या खाली व बाजूला दोन इंच अंतरावर पट्ट्यात पेरून द्यावे. पट्ट्यात मातीशी संपर्क कमी येतो व विद्राव्य स्फुरद जास्त दिवस टिकतो.

अडकलेला स्फुरद मात्र कायमचा गेला असे समजू नये. मूळ स्फुरद शोषून घेते तेव्हा त्या जागी तूट पडते आणि ती भरण्यासाठी घट्ट साठ्यातून थोडा स्फुरद सुटतो. मुळांनी व जीवाणूंनी सोडलेली सेंद्रिय आम्ले या कामाला वेग देतात. हरभऱ्याच्या पानांवरची आंब आपल्या ओळखीची आहे. हरभऱ्याची मुळेही अशीच आम्ले सोडतात. चुनखडीच्या जमिनीत हरभरा तग धरतो त्याचे हे एक कारण आहे. म्हणून शेणखत व स्फुरद विरघळविणारे जीवाणू वापरावेत आणि दरवर्षी ठरावीक पोती टाकण्याऐवजी माती तपासून मात्रा ठरवावी.

ठिबकमधून खत देताना कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदयुक्त किंवा सल्फेटयुक्त खत एकत्र करू नये. बोअरचे पाणी चुन्याचे असल्यास विद्राव्य खत आधी काचेच्या बाटलीत त्याच पाण्यात, संचात सोडावयाच्या प्रमाणात मिसळून दोन तास ठेवावे. पाणी गढूळ झाले किंवा तळाशी साका बसला, तर ते संचात सोडू नये.

युरियाची कथा याहून बोलकी आहे. युरिया ज्या अमोनियापासून बनतो, तो नत्र आणि हायड्रोजन यांच्या समतोल क्रियेतून तयार होतो. जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने १९०९ साली ही क्रिया प्रयोगशाळेत यशस्वी करून दाखविली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. दाब वाढविला आणि तयार झालेला अमोनिया सतत काढून घेतला, की क्रिया अमोनियाकडे सरकते, या नियमावरच तो चालतो. आपल्या राज्यातील थळ येथील कारखान्यातही हेच तत्त्व आहे.

इतक्या खटपटीने बांधलेला नत्र आपल्या शेतात मात्र उलट्या वाटेने निघून जाऊ शकतो. जमिनीत युरियापासून अमोनियम बनते आणि अमोनियमचा अमोनिया वायूशी समतोल असतो. सामू ७ असताना शंभरात एक भागही वायुरूपात नसतो. सामू ८.२५ ला सुमारे दहा भाग आणि ९.२५ ला पन्नास भाग वायुरूपात असतात. युरियाचा दाणा विरघळताना त्याच्याभोवतीचा सामू काही दिवस ९ च्या आसपास जातो. ओल्या जमिनीवर युरिया उघडा फेकला आणि वर ऊन-वारा असला, तर वायू उडत राहतो व समतोल आणखी वायू तयार करीत राहतो. निमकोटेड युरिया मुख्यतः अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. वायू उडणे त्याने थांबत नाही. म्हणून युरिया मातीआड करावा, हप्त्याने द्यावा, किंवा दिल्यावर लगेच हलके पाणी द्यावे.

जमिनीचा सामूच उतरविता येईल का?

गंधक टाकून जमीन कायमची सुधारते असे सांगणारे विक्रेते भेटतात. हिशोब करून पाहा. मातीत चुनखडी शेकडा ५ असेल, तर हेक्टरी २० लाख किलो मातीत १ लाख किलो चुनखडी झाली. १०० किलो चुनखडी संपविण्यास ३२ किलो गंधकापासून बनणारे आम्ल लागते. म्हणजे एका हेक्टरला ३२,००० किलो गंधक! जोपर्यंत घट्ट चुनखडी शिल्लक आहे, तोपर्यंत टाकलेले आम्ल ती खात राहते आणि सामू जवळजवळ होता तिथेच राहतो. हेक्टरी २०-३० किलो गंधक सोयाबीनला अन्नद्रव्य म्हणून जरूर उपयोगी आहे, पण त्याने शेताचा सामू बदलेल ही अपेक्षा ठेवू नये.

तेव्हा सगळ्या शेताशी झुंज देऊ नये. बदल करावयाचा तो लहान जागेत करावा : मुळाजवळ, पानावर, खताच्या पट्ट्यात, ड्रिपरच्या तोंडाशी. तेवढ्या जागेत समतोल आपल्या बाजूला झुकविणे खिशाला परवडते.

लक्षात ठेवा

• पेरणीपूर्वी माती आणि नवीन बोअर घेतल्यावर पाणी तपासावे. मातीच्या अहवालात मुक्त चुनखडीचा आकडा पाहावा.
• दर महिन्याला ड्रिपरचे पाणी मोजावे व वेळेवर आम्ल प्रक्रिया करावी.
• आम्ल आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये.
• सोयाबीन पिवळे दिसल्यास आधी निचरा, मग निदान, मग फवारणी.
• स्फुरद पट्ट्यात पेरावा, युरिया मातीआड करावा.
• शेणखत व कंपोस्ट दरवर्षी द्यावे.

शंका असल्यास पिवळे पडलेले रोप मुळासह आणि अर्धा किलो माती घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात जावे. खताच्या दुकानात जाण्यापूर्वी ही एक फेरी केलेली बरी.